टिटवी आणि सगळे जाणणारा कोल्हा

फार जुनी गोष्ट. एका सकाळी टिटवी नेहमीसारखी माळावर अंडी उबवत बसली होती, तेव्हा होला पक्षी बातमी घेऊन आला.

"टिटवीताई, कोल्ह्याने तुझ्या शेजारणीची अंडी खाल्ली गं! त्याला अंड्यांपासून दूर न्यायला ती पंख मोडल्याचं सोंग करत ओढ्याकडे पळाली, तर हा बरोबर उलट्या दिशेला गेला. म्हणतो, टिटव्या काय करणार ते मला आधीच कळतं."

गेल्या साली टिटवीची स्वतःची अंडी अशीच गेली होती.

दुपारी कोल्हा आला. टिटवीचे पाय पळायला शिवशिवले, तरी ती अंड्यांवरून न उठता पिसे साफ करू लागली.

"काय टिटवीबाई, आज नाटक नाही?"

"नाटकाला कारण लागतं, कोल्होबा."

"खरंच की! अंडी असती तर एव्हाना लंगडत सुटली असतीस. मी काय ओळखत नाही तुम्हाला?" असे म्हणून तो शेपूट मिरवत निघून गेला.

होला आनंदाने खाली उतरला. "आता दर वेळी अशीच बसणार ना?"

टिटवी हसली. "दर वेळी अशीच बसले, तर तेही त्याला आधीच कळेल." पुढच्या वेळी काय करायचे, ते तिने अजून ठरवले नव्हते.