आधी धक्का, मग बांध

डोंगर संपतो आणि समुद्र सुरू होतो, अशा एका चिंचोळ्या किनाऱ्यावर एक गाव वसलेलं होतं. गावाच्या मधून खाडी जायची, त्यामुळे गावाच्या दोन वाड्या झाल्या होत्या. अलीकडच्या वाडीत माडा-पोफळीच्या बागा होत्या. पलीकडच्या वाडीत मासेमारांची घरं होती आणि समुद्राला बांध घालून राखलेली भातशेती होती. त्या बांधाच्या आतच गावाची गोड्या पाण्याची विहीर होती. बाकी जिथे खणावं तिथे खारं पाणी लागायचं, म्हणून दोन्ही वाड्या त्या एका विहिरीवर जगत. अलीकडच्या बायका खाडीवरचा लाकडी साकव ओलांडून पाण्याला जात.

या गावात सरपंचपद बापाकडून मुलाकडे जात नसे. दर काही वर्षांनी देवळाच्या अंगणात मडकी मांडली जात. ज्याच्या मडक्यात जास्त शिंपल्या पडतील, तो सरपंच. त्या खेपेला अलीकडच्या वाडीतला धर्माजी निवडून आला होता. बोलायला जरा तुसडा, पण कामाला वाघ. एकदा हो म्हणाला की ते काम झालंच म्हणून समजावं.

त्याला निवडून येऊन वर्ष होतंय न होतंय, तोच समुद्रात मोठं वादळ उठलं. धर्माजीने वेळेवर दवंडी पिटवून दोन्ही वाड्यांतली माणसं डोंगरावरच्या देवळात नेली, म्हणून जीव वाचले. बाकी काही वाचलं नाही. माड मधोमध मोडले, कौलं पाचोळ्यासारखी उडाली, होड्या भातशेतात जाऊन आडव्या पडल्या. समुद्राकडच्या बांधालाही एका जागी मोठी चीर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून धर्माजी कामाला लागला. रस्त्यावर पडलेली झाडं त्याने माणसं लावून तोडली. तालुक्याला चालत जाऊन त्याने तांदूळ आणला, कौलं आणली, दोरखंड आणले. प्रत्येक घरी आपण स्वतः जाऊन काय हवं ते विचारलं. घरी तो जेमतेम जेवायला टेकायचा. त्याची बायको मथुरा ताट वाढून बसायची आणि ताटातलं निवून जायचं.

पलीकडच्या वाडीत चांगुणा नावाची एक विधवा कोळीण राहत होती. टोपलीतून मासळी विकून ती पोट भरायची. वादळात तिचंही छप्पर गेलं होतं. ते तिने झावळ्या टाकून कसंबसं झाकलं आणि ती लोकांकडे जाऊ लागली. तिच्याजवळ द्यायला काही नव्हतं. कुणाच्या चुलीशी बसून पेज ढवळायची, कुणाचं रडणं ऐकायची, कुणाबरोबर रडायची, आणि मग अशी काहीतरी गोष्ट काढायची की रडणाऱ्याला हसू यायचं.

एके दिवशी धर्माजी डोक्यावर कौलं घेऊन पोसू नावाच्या म्हाताऱ्याच्या दारात आला. म्हातारा ओट्यावर हुशारीत बसला होता. धर्माजीने विचारपूस केली, तर तो म्हणाला, "आता बरं आहे रे. काल चांगुणा येऊन बसली होती. तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला."

धर्माजी कौलं तशीच डोक्यावर घेऊन उभा राहिला. ती उतरवून घ्यायला कुणी उठलं नाही. त्याने आपणच ती भिंतीशी रचली आणि तो निघाला. वाटेत त्याच्या मनात आलं, मी दिलेल्या कौलांखाली हा झोपणार, आणि नाव घेणार तिचं.

त्या दिवसापासून त्याच्या कानांना एक खोड लागली. जिथे जाईल तिथे त्याला चांगुणाचंच नाव ऐकू यायचं. चांगुणाने असं सांगितलं, चांगुणा काल आलीच नाही, चांगुणाला विचारू या. नाव आलं की त्याच्या छातीत काहीतरी टोचायचं. एखाद्या घरात तांदूळ देताना तो उगाच चौकशी करायचा, की इथे आणखी कोण येऊन गेलं. उत्तर माहीत असूनही तो विचारायचा.

त्याने तिच्यासारखं वागूनही पाहिलं. एकदा एका बाईच्या उंबऱ्यावर तो मुद्दाम टेकला. पण बोलायचं काय ते त्याला सुचेना. त्याने छपराचं विचारलं, मग परत छपराचंच विचारलं. सरपंच बसलेत म्हणून ती बाई अवघडून उभीच राहिली. शेवटी तो उठला. अंगणाबाहेर पडतो तोच मागून त्याच घरातून हसण्याचा आवाज आला. त्याने वळून पाहिलं, तर मागच्या दाराने चांगुणा आत येऊन बसलेली दिसली. तो आवाज त्याला दिवसभर पुरला.

त्याच सुमारास धर्माजीने एक मोठं काम जमवून आणलं होतं. तालुक्याला हेलपाटे घालून त्याने दगडांनी भरलेला एक पडाव मिळवला. मोठ्या होडीभर घडीव दगड खाडीत येऊन उभा राहिला. वादळानंतर गावाला मिळालेलं हे सगळ्यांत मोठं साहाय्य होतं, आणि ते त्याने एकट्याने आणलं होतं. लोक जमले, दगड पाहून खूश झाले. धर्माजीलाही कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

तेवढ्यात चांगुणा पुढे आली. ती म्हणाली, "धर्माभाऊ, देवासारखं केलंत. हा दगड आधी बांधाला लावू या. चीर वाढत चाललीय. पौर्णिमेचं उधाण आलं तर बांध टिकायचा नाही."

लोकांनी माना डोलावल्या. दोघंतिघं तर दगड उतरवायला पुढेही झाले. धर्माजीलाही आदल्या दिवशी बांध पाहताना नेमकं हेच वाटलं होतं. दगड त्याने त्यासाठीच मागितला होता. पण आता ते तिच्या तोंडून आलं होतं. उद्या बांध उभा राहिला, की लोक काय म्हणणार, तेही त्याला ऐकू आलं : चांगुणाने सांगितलं म्हणून बांध झाला.

तो म्हणाला, "आधी धक्का. मग बांध."

अलीकडच्या वाडीपुढचा होड्या लागण्याचा धक्का वादळात ढासळला होता. धर्माजीने लोकांना समजावलं, की तालुक्याचे मोठे साहेब पाहणीला येणार आहेत, मदतीच्या होड्या येणार आहेत, धक्काच नसेल तर त्या लागणार कुठे. बोलणं ऐकायला बरोबर होतं. खरं तर भरतीच्या वेळी होड्या पुळणीच्या वाळूलाही लागत, हे त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण सरपंच एवढा राबतोय, त्याने काही विचार केला असेल, असं म्हणून लोक धक्क्याच्या कामाला लागले. चांगुणा आपल्या वाडीतल्या बायका घेऊन बांधावर गेली आणि माती, पेंढा, मोडक्या फळ्या, जे हाताला लागेल ते त्या चिरेत भरू लागली.

त्या संध्याकाळी मथुराने नवऱ्याला ताट वाढलं आणि विचारलं, "अहो, धक्का खरंच आधी हवा होता, की बांध चांगुणाने मागितला म्हणून नको होता?"

धर्माजीने ताट बाजूला सारलं. बायकांना यातलं काही कळत नाही, असं काहीतरी तो बोलला आणि बाहेर जाऊन बसला.

धक्का उत्तम झाला. सरळ, रुंद, दगडाला दगड घट्ट बसलेला. एवढा चांगला धक्का त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता.

पौर्णिमेच्या दुपारी उधाण आलं. वारा नव्हता, ऊन पडलं होतं. पाणी मात्र चढत राहिलं. बांधावर भरलेली माती आधी विरघळली, मग फळ्या निघाल्या, मग चिरेच्या दोन्ही बाजूंचा बांध आवाज करत खाली बसला. बायका बाजूला पळाल्या म्हणून वाचल्या. समुद्र भातशेतात शिरला, शेतातून विहिरीपाशी आला आणि विहिरीच्या काठावरून आत पडू लागला. धर्माजी खाडीच्या अलीकडे आपल्या नव्या धक्क्यावर उभा राहून ते पाहत होता. धक्क्याचा एक दगडही हलला नाही.

ओहोटी लागल्यावर लोकांनी विहीर उपसली. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा उपसली. पाणी खारंच राहिलं. आता दोन्ही वाड्यांतल्या बायका डोंगर चढून डोंगरापलीकडच्या झऱ्यावर जाऊ लागल्या. मथुराही त्यांच्यात होती. घरी येऊन ती नवऱ्यासमोर हंडा उतरवायची.

अशात तालुक्याचे साहेब आले. होडीतून उतरून नव्या धक्क्यावर पाय ठेवताच त्यांनी धर्माजीची पाठ थोपटली. इतक्या लवकर असं काम उभं करणारा सरपंच आपण पाहिला नाही, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. हे शब्द ऐकायला धर्माजी किती दिवस आसुसलेला होता. आता ते आले, आणि त्याला मान वर करता येईना.

साहेबांनी प्यायला पाणी मागितलं. झऱ्यावरून आणलेलं पाणी सकाळीच संपलं होतं. कुणीतरी नाइलाजाने विहिरीचा तांब्या दिला. साहेबांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं करून तांब्या खाली ठेवला आणि हे असं कशाने झालं ते विचारलं.

चांगुणाच पुढे होऊन म्हणाली, "समुद्र आत आला साहेब, त्याला कोण काय करणार? आमच्या सरपंचांनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. वादळापासून हा माणूस धड जेवलेला नाही."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती मनापासून बोलत होती. साहेबांनी मान डोलावली आणि ते पुढे चालू लागले. गोष्ट तिथेच मिटली असती. धर्माजीने फक्त गप्प राहायचं होतं.

पण तो म्हणाला, "थांबा साहेब. समुद्रामुळे नाही झालं. दगड होता. बांध करायचा म्हणूनच तो आणला होता. पण या बाईने आधी तसं म्हटलं. लोक तिचं नाव घेतात, माझं घेत नाहीत, ते मला सहन होत नव्हतं. म्हणून मी धक्का बांधला."

साहेब पायाखालच्या दगडांकडे पाहू लागले. लोक चांगुणाकडे पाहू लागले. तिचा चेहरा उतरला होता.

ती म्हणाली, "मला वाटलं होतं, तुमचा अंदाज चुकला. ती चूक मी कधीच माफ केली होती, भाऊ. याला वेळ लागेल."

आणि ती साकवावरून निघून गेली. मासेमारांची वाडी तिच्या मागोमाग गेली.

दुसऱ्या दिवशी धर्माजी पहार घेऊन धक्क्यावर आला. पहिला दगड त्याने स्वतः उचकटला. इतका घट्ट बसवलेला दगड, की तो काढताना त्याचे हात फुटले. दगड खांद्यावर घेऊन तो साकवावरून पलीकडे गेला आणि बांधाच्या भगदाडात टाकून परत आला. लोक पाहत होते. कुणी मदतीला आलं नाही, फक्त मथुरा आली. तिने पदर खोचला आणि दुसऱ्या दगडाला हात घातला. मग हळूहळू अलीकडच्या वाडीतली माणसं आली. कितीतरी दिवसांनंतर पलीकडचीही आली. चांगुणा सगळ्यांत शेवटी आली. दगड कुठे बसवायचा एवढंच ती बोलली, आणि ती सांगेल तिथे धर्माजी दगड ठेवत गेला.

बांध उभा राहिला. पण शेतातलं मीठ एका पावसाने जाणारं नव्हतं. भात पिवळं पडत राहिलं, विहीर खारट राहिली. पुढच्या निवडणुकीत धर्माजीने मडकं मांडलं नाही. लोकांनीही आग्रह केला नाही. बांधाची डागडुजी मात्र तो करत राहिला. दर उधाणाला बांधावर फेरी मारणारा माणूस तोच असायचा.

बऱ्याच पावसाळ्यांनंतर पाणी पुन्हा गोड झालं. एका सकाळी धर्माजी विहिरीपाशी पाय धूत होता. लांबच्या गावाहून नुकतीच लग्न होऊन आलेली एक सून तिथे पाणी भरत होती. तिने म्हाताऱ्या माणसाला पाहून आदराने तांब्या पुढे केला आणि ती सहज म्हणाली, "किती गोड पाणी आहे. सासूबाई सांगत होत्या, बांध चांगुणाआजींनी बांधून घेतला म्हणून ही विहीर राहिली."

धर्माजीच्या छातीत जुन्या जागी बारीकसं टोचलं. एवढ्या वर्षांतही ते पुरतं गेलं नव्हतं.

तो म्हणाला, "हो बाळ, खरं आहे ते. तिनेच बांधून घेतला." आणि तांब्या वर धरून तो पोटभर पाणी प्याला.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच : दुसऱ्याच्या कौतुकाने जो जळतो, तो स्वतःच्याच विहिरीत मीठ ओततो.