काय आणलंस?

चहूबाजूंनी पाणी असलेल्या एका जंगलात एक नियम राहत असे. हो, नियमच. गवे, ससे, खारी, वानरे हे सारे तर राहतच. पण सर्वांत जुना रहिवासी तोच. जंगलाच्या मध्यावर म्हाताऱ्या मुंगसाचे औषधाचे बीळ होते. आजारी प्राणी दाराशी आला की मुंगसाने आधी विचारायचे, "काय आणलंस?" फळ आणले असेल तर औषधाची मुळी मिळे. नसेल तर दार बंद. आणि फळझाडे होती सगळी टेकडीवरच्या वानरांची. असे का, हे विचारायचे नाही, हा त्याच नियमाचा उरलेला अर्धा भाग होता. मुलांनो, मोठी माणसे "विचारायचं नसतं" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना उत्तर माहीत नसते. किंवा माहीत असते, पण ते सांगण्यासारखे नसते.

त्या जंगलात एक तरुण खार होती. तिच्या धाकट्या भावाला एकदा ताप चढला. त्याला ओढत, ढकलत ती बिळाशी घेऊन गेली, तेव्हा तिच्याजवळ फक्त एक किडके बोर होते. मुंगसाने बोराकडे पाहिले, मग दाराशी बसलेल्या टेकडीवरच्या म्हाताऱ्या वानराकडे पाहिले. वानराने नकारार्थी मान हलवली. भाऊ वाचला नाही. "नियमच आहे, पोरी," वानर म्हणाला आणि हळहळला. हळहळायला काही आणावे लागत नाही.

मग पाण्यापलीकडून कोळसुंदे आले. रानकुत्र्यांचे हे तांबडे कळप पोहतातही आणि एकजुटीने फाडतातही. त्यांनी जंगलाला वेढा घातला. तेव्हा टेकडीवाल्यांपैकी एक थोराड गवा नदीच्या उतारात, जिथे पाणी उथळ होते तिथे, जाऊन उभा राहिला आणि हलला नाही. त्याच्या मांडीचा लचका तुटला, तरी हलला नाही. त्याच्या हंबरण्याने सशांनासुद्धा धीर येई. मागे जंगलात, ओढ्याकाठचे एक अबोल साळिंदर पोटापाण्याचे पाहत होते. त्याने सगळी फळे एका ढोलीत आणली आणि प्रत्येकाला पळसाच्या पानाचा एक द्रोण भरून वाटली. वानराला एक द्रोण, उंदरालाही एकच. औषधही तसेच, कारण आजारी पडलेला प्राणी उतारात उभा राहू शकत नाही. मुंगूस थकले होते, म्हणून त्याच्या हाताखाली खार आली. तिने मुळ्या ओळखायला शिकून घेतले. वेढा असेपर्यंत दाराशी "काय आणलंस?" हे शब्द कुणी ऐकले नाहीत. गंमत अशी की अर्धपोटी राहूनही त्या काळात पिल्ले पूर्वीपेक्षा कमी दगावली.

अखेर कोळसुंदे हरले. जंगल जिंकले, पण वेढ्यात लागलेल्या वणव्यात अर्धी झाडे जळाली होती आणि ढोली रिकामी होती. आता नवा मुख्य निवडायचा होता. रीत अशी, की प्रत्येकाने दोन खळग्यांपैकी एकात एक बी टाकायची. एक खळगा टेकडीवाल्यांचा, दुसरा ओढ्याकाठच्यांचा. टेकडीवाल्यांकडून गवाच उभा होता, म्हणून वानरांनी निकालाआधीच हार गुंफून ठेवले. ओढ्याकाठच्यांकडून साळिंदर उभे होते. त्याला सगळ्यांनी भाषण करायला सांगितले, तर ते एवढेच म्हणाले, "उपाशी असताना जे जमलं, ते पोट भरल्यावर का जमू नये?" आणि खाली बसले.

बियांचा ढीग साळिंदराच्या खळग्यात झाला. ज्याने जंगल वाचवले त्यालाच घरी पाठवायचे, असे कुठे होते का, असे तुम्ही विचाराल. होते. दुसरे महायुद्ध जिंकत असतानाच ब्रिटनच्या लोकांनी अगदी असेच मत दिले होते आणि मला त्यांचे फार कौतुक वाटते. कृतज्ञता वेगळी आणि कारभार वेगळा, हे कळायला मोठी अक्कल लागते.

वानरे चिडली. म्हणाली, "गवेराव, हे कृतघ्न आहेत. एक डुरकी फोडा, सगळे पळत सुटतील."

गवा हार न घालताच उठला. "मला घरी पाठवता यावं म्हणूनच तर कोळसुंद्यांना अडवलं," तो म्हणाला. लंगडत टेकडी चढून गेला. त्याला वाईट वाटले नाही असे नाही. वाटले, आणि तरीही तो गेला.

साळिंदराने शब्द पाळला. औषधाचे बीळ कायमचे सगळ्यांचे झाले. मुंगूस वारल्यावर खार तिथली वैद्य झाली. पण जळलेल्या झाडांना लगेच फळे येत नाहीत. पलीकडच्या मोठ्या रानातून उसने दाणे आणावे लागले, द्रोण चालूच राहिला आणि पुढे पुढे तर तो लहान झाला. लढाई जिंकूनही रांगेतच उभे राहायचे, म्हणून प्राणी कुरकुरू लागले. उंदीर म्हणाले, साळिंदर चांगलं आहे हो, पण त्याचा चांगुलपणा खाता येत नाही. काही पावसाळ्यांनंतर पुन्हा बिया टाकल्या गेल्या, तेव्हा थोड्याशा फरकाने गवा परत आला. साळिंदरानेही न कुरकुरता जागा सोडली.

निकालाच्या दुसऱ्याच सकाळी म्हातारा वानर चार-पाच ज्येष्ठांना घेऊन बिळाशी हजर झाला. दाराशी तापाने फणफणलेले पिल्लू उराशी धरून एक सशीण उभी होती. तिच्या हातात काहीच नव्हते.

"पोरी, आता आपलं राज्य आलं," वानर म्हणाला. "जुना नियम सुरू कर. विचार हिला."

खार जागची हलली नाही. तिला भीती वाटली नाही असे समजू नका. गव्याने एक खूर जोरात आपटला असता तर ते बीळ खचले असते, हे तिला ठाऊक होते. "आजोबा," ती म्हणाली, "हिचं पिल्लू तापलंय. तुम्ही जरा बाजूला व्हा."

ज्येष्ठांमध्ये कुजबुज सुरू झाली. हल्लीच्या पोरांना चार मुळ्या काय ओळखता आल्या, शिंगंच फुटली, असे एकजण म्हणाला. वानराने शेपटी आपटली. "मुख्य कोण आहे? गवा. तोच सांगेल तुला. बोलावतो त्याला."

"बोलवायला नको," मागून भरदार आवाज आला.

सगळे वळले. सशिणीच्या मागे, मान खाली घालून, गवा उभा होता. उतारातली जुनी जखम पुन्हा चिघळली होती आणि मांडीवर माश्या घोंघावत होत्या. त्याला पाहताच वानराचा चेहरा उजळला. "या, गवेराव, पुढे या. तुम्ही कशाला मागे? अगं सशिणी, हो बाजूला."

सशीण घाईने सरकू लागली. गव्याने शिंगाने हळूच वाट अडवली आणि तिला जागीच राहू दिले.

"द्रोण मी बंद करणार," तो म्हणाला. "तसं सांगूनच निवडून आलोय. झाडांना आता फळं धरली आहेत, ज्यानं त्यानं तोडून खावीत. पण इथे रांगेत माझ्यापुढे ही सशीण आहे."

वानर मनात चडफडला. हे त्याच्याच टेकडीचे, त्याच्याच गटाचे जनावर! ज्यांनी बीळ उघडले ते विरोधक. त्यांचे काम आपण का टिकवायचे? पण गव्याच्या तोंडावर हे विचारण्याची त्याची छाती झाली नाही. तो खारीजवळ सरकला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "बरं, दे तिला मुळी. फुकट दे. फक्त एकदा विचारून दे. नुसतं विचारायला काय जातं? पूर्वजांचा नियम आहे, त्याचा मान राहील."

खारीने मुळी सशिणीच्या हातात ठेवली. मग ती वानरासमोर येऊन उभी राहिली.

"माझ्या भावाच्या वेळी विचारलं होतंत, आजोबा. मी त्याच्यासाठी एक बोर आणलं होतं. ते किडकं होतं म्हणून तो गेला. या दारात हा प्रश्न पुन्हा कुणी विचारणार नाही. मी तर नाहीच. आणि आता मी विचारते. तो नियम होता, ठीक आहे. पण का होता?"

वानराने इतर ज्येष्ठांकडे पाहिले. त्यांनी एकमेकांकडे पाहिले. रांग एका पावलाने पुढे सरकली.

तात्पर्य : संकटात जे सर्वांचे होऊ शकते, ते सुखातही सर्वांचेच राहावे, आणि ते उभारणारा जितका थोर, तितकाच हाती सत्ता येऊनही ते न मोडणारा विरोधक थोर.