शेवड्यांचा दुसरा भोंगा

हा संवाद झाला तेव्हा मी तिथे नव्हते; मात्र दोन्ही घरांनी सांगितलेली हकीकत, आश्चर्य म्हणजे, तंतोतंत जुळते.

निवृत्त उपजिल्हाधिकारी त्र्यंबकराव शेवडे यांच्या घरातला चोरीच्या अलार्मचा भोंगा सेन्सरवरून पाल सरकली तरी कोकलत असे. आता त्यांनी दुसरा भोंगा बाहेर, शेजारच्या प्रमिला खोतांच्या खिडकीसमोर बसवायला काढला. त्या खिडकीमागे प्रमिलाबाईंच्या सासूबाई हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर विश्रांती घेत होत्या.

"भाऊसाहेब, तेवढा पलीकडच्या भिंतीवर लावा ना," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"छे! आम्ही गावाला गेल्यावर तुम्हाला ऐकू नको जायला?"

"पण घराची किल्ली आमच्याकडे ठेवा म्हटलं, तेव्हा शेजाऱ्यांवर विश्वास नाही म्हणालात."

"अजूनही नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व!"

"मग आतला भोंगा ऐकून चोर पळणार, बाहेरचा ऐकून आम्ही धावत येणार. तुमच्या दारात पोलिसांना सापडणार कोण, भाऊसाहेब?"

शिडीवरचा कारागीर खुदकन हसला. त्र्यंबकरावांनी घसा साफ केला आणि शिडी पलीकडे न्यायला सांगितली.

पलीकडे रिकामा प्लॉट आहे. तिथला आवाज कोणी ऐकायचा, हे अद्याप ठरलेले नाही.