लाख फुलांची आणि एका गुलबक्षीची कहाणी

हातात एक एक फूल घ्या, बायांनो, पदर सावरून बसा, आणि फुलाई मातेची कहाणी ऐका. एका तळ्याकाठी एक नगर होतं. नगरात कासारआळी होती. आळीत बाळोजी कासार राहत होता. बांगड्यांचे चुडे खांद्यावर टाकून तो गावोगाव हिंडायचा. घरी म्हातारी आई, बायको भिवरा आणि एकुलती एक लेक पवळा. पवळा सात वर्षांची झाली. डोळे टपोरे, कान तिखट, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. भूक लागली की ताटाकडे बोट दाखवी. ठेच लागली की मुक्यानंच रडे. आईला कधी "आई" म्हणून हाक मारली नाही.

भिवरेनं वैद्य केले, वेखंड उगाळून चाटवलं, देवादेवांचा अंगारा लावला. गुण काही येईना. शेजारची ठमाक्का यायची, पोरीकडे बघायची आणि म्हणायची, "भिवरे, हिचं लग्न झालं तर उखाणा कोण गं घेणार? तूच घेशील होय जावयाचं नाव?" भिवरा हसल्यासारखं करी. मग चुलीपुढं बसून डोळे पुशी.

पुढं अक्षय्यतृतीया आली. भिवरा तळ्यावर पाणी आणायला गेली. तिथं पाच सुवासिनी मातीत बी टोचत होत्या. भिवरेनं घागर खाली ठेवली आणि पुसलं, "बायांनो, बायांनो, काय करता?"

"आम्ही फुलाईचा वसा घेतो."

"त्यानं काय होतं?"

"रुसलेलं हसतं, दुरावलेलं जवळ येतं, मुकं बोलतं."

भिवरा पुढं सरली. "मलाही सांगा. कसा करायचा?"

मग त्यांनी सांगितलं, "आज बी पेरावं, रोप लावावं. माती आपण कालवावी, पाणी आपण घालावं. श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून आषाढाच्या अखेरच्या दिवसापर्यंत रोज आपल्या बागेतलं एक फूल देवीला वाहावं. ज्या ऋतूचं जे असेल ते. वाहण्याआधी त्या फुलाचं नाव लेकराच्या कानात सांगावं. कळी तोडू नये. झाडावर एकच फूल असेल तर ते झाडाचं, त्याला हात लावू नये. एवढं पाळावं. उतू नये, मातू नये, अधिकाचा हव्यास करू नये."

भिवरेनं नमस्कार केला, घागर उचलली, घरी आली.

घरामागं परसू होतं. त्यात राख, खापऱ्या आणि रुईची झुडपं. भिवरेनं खणलं, वेचलं, शेण कालवलं. मग बी मागायला निघाली. पहिल्या घरी गेली, तिथं तेरड्याचं, गोकर्णीचं आणि गुलबक्षीचं बी मिळालं. दुसऱ्या घरी गेली, तिथं जाईची रुजलेली फांदी, मोगऱ्याचं रोप, सोनटक्क्याचा कंद मिळाला. तिसऱ्या घरी गेली, तिथं शेवंतीचे फुटवे, जास्वंदीची फांदी, अबोली आणि झेंडूचं बी मिळालं. बाळोजीच्या पेटाऱ्यात वाटेत पिचलेल्या बांगड्या असत. त्यांचे तुकडे तिनं वाफ्यांच्या कडेनं रोवले. हिरवे, तांबडे, मोरपंखी. ऊन पडलं की वाफे लखलखत.

सासू दारात बसून बघत होती. म्हणाली, "सूनबाई, वांगी लावली असतीस तर भाजी झाली असती. ही फुलं काय फोडणीला घालायची?"

"घालू की, सासूबाई, तुम्ही म्हणाल तर."

"घाल बाई घाल. तुझ्या हातची आमटी तशीही गोडच असते."

पाऊस आला, बी वर आलं. श्रावणाचा पहिला दिवस उजाडला आणि तेरडा फुलला. काय सांगू बायांनो! गुलाबी, पांढरा, जांभळा, पानापानाच्या बगलेत फूल. गोकर्ण कुंपणावर चढली, तिची निळाई बघून आभाळ फिकं वाटावं. सोनटक्क्याच्या दांड्यावर पांढरी पाखरं येऊन बसल्यासारखी फुलं, आणि वास असा की रस्त्यानं जाणारा क्षणभर थांबून पुढं जाई. जाईचा मांडव तर सकाळी शेणसड्यावर आपणच रांगोळी घाली. आणि दिवस कलला की गुलबक्षी उमले. एकाच झाडावर पिवळं फूल, गुलाबी फूल, अर्धं पिवळं अर्धं गुलाबी फूल.

भिवरा रोज एक फूल खुडी. पवळेला मांडीवर घेई, फूल तिच्या गालाला लावी आणि कानात सांगे, "ही जाई बरं का, बाळा. हा तेरडा. हा सोनटक्का." पवळा डोळे मोठे करून ऐके. हळूहळू ती आईच्या आधी उठून परसात जाऊ लागली. वाफ्यापाशी उकिडवी बसे, फुलांकडे बघून ओठ हलवी. ते बघून भिवरेला हुरूप येई. सासू म्हणे, "पोर फुलांशी काहीतरी बोलते बघ. आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच."

भाद्रपदात गौरी आल्या. आळीतल्या बाया तेरडा मागायला भिवरेच्या दारी आल्या. ठमाक्काही हळदीकुंकवाला आली. बाग बघून तिचे डोळे दिपले.

"बाई बाई, केवढी ही बाग! आणि देवीला वाहतेस किती?"

"दिवसाला एक."

"एकच? माझ्या नणंदेनं लाखोली वाहिली, महिन्यात गुण आला. तू असा हात आखडता घेतलास, तर देवी तरी सढळ हातानं का देईल? तीही म्हणेल, वर्षाला एक अक्षर बोल, पवळे!"

ठमाक्का हसली, ओटी घेऊन गेली. पण तिचं बोलणं भिवरेच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. ती म्हणाली, "खरंच की. एका फुलानं वर्ष लागणार, लाख फुलांनी उद्याच बोलेल." मग तिनं संकल्प सोडला. लाख फुलं वाहीन.

दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन गेली. तेरडा ओरबाडला, गोकर्ण ओरबाडली, झेंडूला नुकतं फूल धरत होतं तेही घेतलं. पहिल्या दिवशी फुलं घेतली. दुसऱ्या दिवशी कळ्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी झाडांवर राखलेली तीही घेतली. संख्या भरायची होती ना! नावं सांगायला आता वेळ कुठला? पवळा मांडीवर यायला बघे, तर आई म्हणे, "थांब गं, माझं मोजणं चुकेल."

असं करता करता पावसाळा सरत आला. दारी एक म्हातारी आली. केस पांढरे, अंबाडा एवढासा. म्हणाली, "लेकी, अंबाड्यात माळायला एक झेंडू दे."

"आजी, मोजलेली आहेत. देवीची आहेत."

"बरं," म्हातारी म्हणाली आणि गेली.

हिवाळा आला. शेवंती फुलली. पिवळी, पांढरी, तांबूस, एकेक फूल वाटीएवढं, दवानं ओथंबलेलं. अबोलीला वास नाही, पण रंग असा की उन्हं तिच्यावरच उतरली म्हणावं. भिवरेनं बघितलं कुठं? टोपली भरली. म्हातारी आली. "लेकी, एक शेवंती दे."

"आजी, मोजलेली आहेत. देवीची आहेत."

"बरं," म्हातारी म्हणाली आणि गेली.

उन्हाळा आला. मोगरा कळ्यांनी पांढरा झाला. एरवी दोन फुलं माठात टाकली असती, तर आल्यागेल्याचा घोट गोड झाला असता. भिवरेनं कळ्यांसकट ओचा भरला. त्या दिवशी लाख पुरी झाली. देवीपुढं फुलांची रास पडली, समई दिसेना. भिवरेनं पवळेला पुढ्यात बसवलं आणि हात जोडले. "बोल गं माझे बाई. आता बोल."

पवळेनं राशीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग उठली, सोप्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. कितीतरी दिवस तिनं परसात पाऊल टाकलं नव्हतं, हे भिवरेच्या तेव्हा ध्यानात आलं. आता तर ओठही हलत नव्हते.

तेवढ्यात म्हातारी तिसऱ्यानं दारी आली. "लेकी, एक मोगरा दे."

भिवरा रडत बाहेर आली. "आजी, आज हवे तेवढे ने. लाख वाहिली, पण देवी पावली नाही."

म्हातारीनं पुसलं, "देवीला लाख दिलीस. झाडाला किती ठेवलीस?"

भिवरेनं उजाड परसाकडे पाहिलं.

"लेकीला किती दाखवलीस?"

भिवरेनं सोप्याकडे पाहिलं.

"अगं वेडे, मी तुझ्या देव्हाऱ्यात बसत नव्हते. रोज पहाटे तुझ्या परसात यायची, या फुलावरून त्या फुलावर बसायची, तुझ्या लेकीला खेळवायची. तू बसायला जागाच ठेवली नाहीस. मग मी कुठं बसू?" एवढं म्हणाली, आणि दारात कुणी नव्हतं. मोगऱ्याचा वास तेवढा होता.

भिवरा उंबऱ्यावर बसून रडू लागली. सासूनं पाणी दिलं. म्हणाली, "रडून बी उगवत नाही. वशाचे दिवस किती राहिले?"

"आषाढ अखेरपर्यंत."

"मग तेवढे नीट पाळ."

भिवरा परसात गेली. मोगऱ्याच्या फांद्या मोडल्या होत्या, शेवंती मुळासकट उपटून आली होती. पुढल्या पेरणीचं बी म्हणून मडक्यात हात घातला, तर मडकं रिकामं. बी धरायला फूलच ठेवलं नव्हतं. मोरीपाशी लावलेली एक जास्वंद तेवढी उरली होती. तिला रोज दोन फुलं येत. भिवरा एक देवीला वाही, एक झाडाला ठेवी. पवळेला मांडीवर घेऊन कानात सांगे, "ही जास्वंद बरं का, बाळा." पवळा ऐके. ऐकून पुन्हा भिंतीशी जाई.

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. आषाढाचा एकच दिवस उरला आणि आदल्या संध्याकाळी वारा सुटला. जास्वंद मुळातून उन्मळली.

सकाळी भिवरेनं सगळं परसू धुंडाळलं. फूल नाही. मग धुण्याच्या दगडाच्या भेगेत बघते, तर गुलबक्षीचं रोप. मागल्या साली एखादं मिऱ्यासारखं काळं बी घरंगळून तिथं पडलं असेल. त्याला एक कळी, एकच. कळी तोडायची नाही म्हणून भिवरा तिथंच बसून राहिली. दुपार झाली, कळी मिटलेली. ऊन कललं, कळी मिटलेली. सासूनं हाक मारली, "सूनबाई, दोन घास खाऊन घे." भिवरा हलली नाही. पवळा आली आणि आईशेजारी उकिडवी बसली.

दिवस मावळतीला टेकला, तशी कळी उलगडली. लांब देठाची, रसरशीत गुलाबी, आत केसरांचा नाजूक तुरा. सगळ्या उजाड परसात तेवढाच रंग. भिवरेनं हात पुढं केला. मनात आलं, आज फूल वाहिलं नाही तर वसा मोडला. वसा मोडला तर लेक बोलायची नाही. मग मनात आलं, गुलबक्षीचं एक फूल म्हणजे एक बी. हे खुडलं, की या परसात गुलबक्षी म्हणून राहणार नाही.

हात तसाच थांबला. मग तिनं तो मागं घेतला, फुलाला हळदीकुंकू लावलं आणि मातीवर माथा टेकला. "माते, हे झाडाचं आहे. झाडावरच घे. मोडला तर माझा वसा मोडू दे. माझी लेक मुकी राहिली तरी माझीच आहे."

पवळा वाट बघत होती. रोज आई फुलाचं नाव सांगते, आज का सांगत नाही? तिनं आईचा पदर ओढला. भिवरेनं तोंड उघडलं, पण गळा भरून आलेला, शब्द निघेना. पवळेनं आईच्या तोंडाकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं. आईला सांगता येत नाही म्हटल्यावर तिनंच आईच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली,

"ही गुलबक्षी बरं का, आई."

भिवरेनं लेकीला छातीशी धरलं. पण पवळा कुठली थांबते! रिकाम्या वाफ्याकडे बोट करून म्हणाली, "इथं तेरडा. इथं जाई. इथं सोनटक्का. तिथं गोकर्ण, आणि तिथं जास्वंद." जे जे कानात पडलं होतं, ते ते सगळं तिनं राखून ठेवलं होतं. परसात एक फूल, आणि पोरीच्या तोंडी सगळी बाग. सासू धावत आली, भिंतीला धरून उभी राहिली, म्हणाली, "अगं बाई, कोण बोलतंय?" पवळा म्हणाली, "मी, आजी."

बाळोजी घरी आला, त्यानं आळीत साखर वाटली. ज्या तीन घरांनी बी दिलं होतं, त्यांनी पुन्हा दिलं. ठमाक्का झेंडूची रोपं घेऊन आली, मान खाली घालून. भिवरेनं तिला पाटावर बसवलं. पुढल्या श्रावणात बाग अशी फुलली की दुसऱ्या आळीतल्या बाया लेकरं घेऊन बघायला येत, आणि पवळा त्यांना वाफ्यावाफ्याशी नेई. एकीला तेरडा दाखवी, दुसरीला जाई, तिसरीला आणखी काय काय. दिवसभर तोंड मिटत नसे. एकदा भिवरा दमून म्हणाली, "पवळे, घटकाभर गप्प बसशील का गं!" म्हणाली आणि जीभ चावली. सासू एवढी हसली की तिला ठसका लागला.

फुलाई माता भिवरेच्या परसात नांदली, तशी तुमच्या माझ्या दारी नांदो. झाडाचं झाडाला राहो, देवाचं देवाला पोचो, लेकराच्या कानात चांगलं पडो. ही बारा महिन्यांच्या फुलांची कहाणी, तुमच्या ओंजळीत घातली, इथं सुफळ झाली.