चुंदीची गोधडी आन् दात झाकायचा पत्रा

गप बसा रं. चुळबुळ बंद. कान इकडं द्या.

एक होती चिचुंद्री. नाव तिचं चुंदी. नाक लांब. शेपूट बारीक. जीव बोटाएवढा.

दगडू शिंप्याच्या ओट्याखाली तिचं बीळ. बिळात चुंदीचा भाऊ. भाऊ लई बारका. अंगावर केस न्हाई. डोळं मिटलेलं. त्याला एकच गोधडी. शिंप्याच्या चिंध्यांची. तांबडी, हिरवी, पिवळी.

आई गेली किडं आनायला. जाताना म्हनली, "चुंदे, भावाला जप गं."

चुंदीनं गोधडी उन्हात टाकली. ऊन गेलं. ढग आलं. वारा सुटला. चुंदीनं गोधडी आत वढली. गोधडी दाराच्या फटीत अडकली.

टर्रर्र!

मधोमध भोक पडलं.

भोकातनं वारा आला. सूं सूं सूं. भाऊ कापाय लागला. थड थड थड.

"रडू नगं रं," चुंदी म्हनली. "मी आत्ता आले."

गोधडी घेतली तोंडात. आन् पळाली. लुटुलुटू लुटुलुटू.

दगडू शिंपी मशीनवर बसला होता. खडखड खडखड.

"शिंपीकाका, शिंपीकाका,
भोक बुजवा.
मग गोधडी भावाला.
भाऊ माझा गारठलाय!"

दगडू शिंप्यानं गोधडी मशीनखाली घातली. खडखड खडखड. मशीनला खाली दात असत्यात. दातानं कापड धरलं. कापड पळालं पुढं. सुर्रर्र! भोक व्हतं नखाएवढं. झालं बोटाएवढं!

"आरं तिच्या!" शिंपी वरडला. "दात झाकायला पायजेत! सरळ शिवताना दात चांगलं. कापड पुढं ढकलत्यात. पन भोक बुजवायचं म्हंजी कापड हातानं फिरवायचं. पुढं, मागं, आडवं, तिडवं. दात उघडं असलं की फिरू देत न्हाईत. दातावर पत्रा बसवावा लागतोय."

"मग बसवा की!"

शिंप्यानं खण उघडला. पत्रा न्हाई. डबा उघडला. पत्रा न्हाई.

"येसेऽऽ! माझा पत्रा कुठंय?"

आतनं शिंप्याची बायकू, येसूकाकी म्हनली, "कोंबडीखाली!"

"कोंबडीखाली?"

"तांबडी खुडूक बसलीय. अंड्यांवर. ढग गुरगुरला की अंडी नासत्यात. म्हनून लोखंड ठिवायचं टोपलीत. तुमचा पत्रा ठिवला."

"आगं, माझा पत्राच घावला व्हय तुला? काढ भाईर!"

"तुमीच काढा की! हात घालून बघा. टोचती ती!"

शिंप्यानं हात मागं घेतला. चुंदीकडं बघितलं.

"न्हाई म्हंजी न्हाई! आधी पत्रा आन. मग भोक बुजवतो."

"बरं. जाते. येते."

लुटुलुटू लुटुलुटू.

तांबडी कोंबडी टोपलीत बसली होती. अंग फुगवून. कॉक् कॉक् कॉक्.

"तांबडे, तांबडे,
दे की पत्रा.
पत्रा शिंपीकाकाला.
काका बुजवंल भोक.
मग गोधडी भावाला.
भाऊ माझा गारठलाय!"

"आन् माझी पोरं गं?" कोंबडी म्हनली. "ढग बघ वर. काळा कुट्ट. पत्रा दिला, आन् ढग गुरगुरला, मग? न्हाई म्हंजी न्हाई! आधी दुसरं लोखंड आन. खिळा आन खिळा. मग पत्रा देते."

चुंदीनं अंडी बघितली. पांढरी, गोल, गप पडलेली. तिला वाटलं, खरं हाय हिचं.

"बरं. जाते. येते."

लुटुलुटू लुटुलुटू.

म्हादू लोहार भट्टीजवळ बसला होता. हात गुडघ्यावर. तोंड वाकडं.

"लोहारमामा, लोहारमामा,
द्या की खिळा.
खिळा कोंबडीला.
कोंबडी दील पत्रा.
पत्रा शिंपीकाकाला.
काका बुजवंल भोक.
मग गोधडी भावाला.
भाऊ माझा गारठलाय!"

"खिळा?" लोहार म्हनला. "आगं, सकाळधरनं चहा न्हाई पोटात! दूध मांजरीनं प्यालं. कोरा चहा पिऊ व्हय? चहाबिगर हातोडा उठत न्हाई. न्हाई म्हंजी न्हाई! आधी दूध आन. मग खिळा देतो."

"बरं. जाते. येते."

लुटुलुटू लुटुलुटू.

म्हैस गोठ्यात उभी होती. शेपटी हालवत. सप्प! सप्प! अंगावर माशाच माशा. घूंऽऽ.

"म्हशीबाई, म्हशीबाई,
द्या की दूध.
दूध लोहारमामाला.
मामा दील खिळा.
खिळा कोंबडीला.
कोंबडी दील पत्रा.
पत्रा शिंपीकाकाला.
काका बुजवंल भोक.
मग गोधडी भावाला.
भाऊ माझा गारठलाय!"

म्हशीनं खाली बघितलं. "कोन बोलतंय? दिसंना मला."

"मी हो. चुंदी."

"आगं बया! नाक केवढं, जीव केवढा! दूध कसं देऊ? माशा चावत्यात. उभं ऱ्हाऊ देत न्हाईत. न्हाई म्हंजी न्हाई! आधी कडू लिंबाची डहाळी आन. माशा हाकल. मग दूध देते."

"बरं. जाते. येते."

लुटुलुटू लुटुलुटू.

कडू लिंब वाटेच्या कडंला. म्हातारा. उंच. सळसळ सळसळ.

"लिंबाआजा, लिंबाआजा,
द्या की डहाळी.
डहाळी म्हशीला.
म्हैस दील दूध.
दूध लोहारमामाला.
मामा दील खिळा.
खिळा कोंबडीला.
कोंबडी दील पत्रा.
पत्रा शिंपीकाकाला.
काका बुजवंल भोक.
मग गोधडी भावाला.
भाऊ माझा गारठलाय!"

लिंब कण्हला. "पोरी, माझ्या बुडाला बघ. शेळी उभी हाय. सकाळधरनं साल खाती. करकर करकर. दुखतंय मला. न्हाई म्हंजी न्हाई! आधी शेळी हाकल. मग डहाळी देतो."

"बरं. जाते. येते."

पन जायचं कुठं? शेळी तिथंच उभी होती!

गुडुम! ढग गुरगुरला. तांबडीची अंडी पत्र्यावर. चुंदीचा भाऊ भुईवर. चुंदी घाईघाईनं म्हनली,

"शेळीताई, शेळीताई,
बाजूला हो की.
आजा दील डहाळी.
डहाळी म्हशीला.
म्हैस दील दूध.
दूध लोहारमामाला.
मामा दील खिळा.
खिळा कोंबडीला.
कोंबडी दील पत्रा.
पत्रा शिंपीकाकाला.
काका बुजवंल भोक.
मग गोधडी भावाला.
भाऊ माझा गारठलाय!"

शेळी रडाय लागली. म्यां हॅ हॅ हॅ!

"मला हौस हाय व्हय साल खायची? कडू लागती! पन जाऊ कशी? पायात काटा मोडलाय. तीन पायावर उभी हाय. कळप गेला फुडं. मी ऱ्हायले मागं. म्हशीला म्हनलं, काढ. ती म्हनली, खूर हाय. कोंबडीला म्हनलं, काढ. ती म्हनली, अंडी हायत. कुनी काढंना! न्हाई म्हंजी न्हाई! आधी काटा काढ. मग बाजूला होते."

चुंदी "बरं" म्हनली न्हाई. "जाते" म्हनली न्हाई. "येते" म्हनली न्हाई.

ती शेळीच्या पायाजवळ गेली. लांब नाक खुराच्या फटीत घातलं. हुंगलं. काटा घावला. बारीक बारीक दातानं धरला. मागं सरकली. अजून मागं. अजून मागं.

पुटुक!

काटा भाईर!

शेळीनं पाय टेकला. हळूच. मग जोरात. मग दोन उड्या मारल्या. टणाटण!

"चुंदे! उपकार झालं गं! तू म्हनशील ते वाहीन मी. सांग, काय वाहू?"

शेळी बाजूला झाली. लिंबाला बरं वाटलं. त्यानं डहाळी सोडली. सर्रर्र, भप्प!

चुंदीनं नाक भुईला टेकलं. "उपकार झालं, लिंबाआजा."

शेळीनं डहाळी तोंडात धरली. चुंदी तिच्या पाठीवर बसली. टपटप टपटप निघाल्या.

"शेळीताई, खाऊ नगं हां डहाळी!"

"एकच पान गं!"

"एक बी न्हाई! आन् कडू लागती म्हनलीस की मगाशी!"

"आता पाय बरा झाला. आता ग्वाड लागंल."

"शेळीताईऽऽ!"

"बरं बाई, बरं."

डहाळी म्हशीला. शेळीनं तोंड हालवलं. सपासप सपासप. माशा पळाल्या. म्हशीनं सुस्कारा टाकला. हुश्श्य! चुंदीनं नारळाची करवंटी ढकलत आनली. म्हशीनं दूध सोडलं. चुर्रर्र चुर्रर्र.

चुंदीनं नाक भुईला टेकलं. "उपकार झालं, म्हशीबाई."

"आता दिसलीस गं मला," म्हैस म्हनली. "नीट जा. सांडू नगं."

दूध लोहारमामाला. शेळीनं करवंटी दातात धरून नेली. मामानं चहा केला. प्याला. सुर्रर्र सुर्रर्र. मिशी पुसली. तोंड सरळ झालं!

"आन हातोडा!" मामा सोताच वरडला. सोताच उठला. सोताच हातोडा आनला. ठण् ठण् ठण्! लाल खिळा पान्यात घातला. चर्रर्र! गार झाला.

चुंदीनं नाक भुईला टेकलं. "उपकार झालं, लोहारमामा."

"उपकार बिपकार ऱ्हाऊ दे. पळ! पोरगं गारठलंय."

खिळा कोंबडीला. चुंदीनं खिळा एका बाजूनं आत सारला. दुसऱ्या बाजूनं पत्रा वढला. कोंबडी जागची हालली बी न्हाई.

तवर ढग गुरगुरला. गुडुम गुडुम!

कोंबडीनं पोटाखाली बघितलं. खिळा व्हता. अंडी व्हती.

चुंदीनं नाक भुईला टेकलं. "उपकार झालं, तांबडे."

"माझ्या पोरांसाठनं धावलीस," कोंबडी म्हनली. "उपकार तुझंच."

पत्रा शिंपीकाकाला.

शिंप्यानं पत्रा पुसला. दातावर ठिवला. खट्! बसला. दात झाकलं. दात गप.

"हां! आता बघ गंमत!"

खडखड खडखड. शिंप्यानं गोधडी हातानं फिरवली. पुढं. मागं. आडवी. तिडवी. दातानं वढली न्हाई. पळाली न्हाई. दोरा गेला, दोरा आला. भोक बोटाएवढं. भोक नखाएवढं. भोक तिळाएवढं.

भोक न्हाईच!

चुंदीनं नाक भुईला टेकलं. "उपकार झालं, शिंपीकाका."

आतनं येसूकाकी म्हनली, "आन् मी? मी पत्रा ठिवला म्हनून एवढं समदं घडलं!"

"गप गं!" शिंपी म्हनला. पन हसला.

चुंदी म्हनली, "येसूकाकी, तुमचं बी उपकार."

लुटुलुटू लुटुलुटू लुटुलुटू! चुंदी बिळात शिरली. मागनं आई बी आली.

भाऊ एवढासा झाला व्हता. गार, गार. थड थड थड.

चुंदीनं गोधडी त्याच्या अंगावर घातली. डोक्यापातुर. पायापातुर. कडा दाबल्या. वारा आला. सूं सूं सूं. वाराच परत गेला. आत जाया भोकच न्हाई!

थड थड थड.

थड थड.

थड.

भाऊ थांबला. कुशीवर वळला. नाक गोधडीत खुपसलं.

आईनं चुंदीला चाटलं. "कुनी बुजवलं गं भोक?"

चुंदी म्हनली,

"शेळी झाली बाजूला.
आजानं दिली डहाळी.
म्हशीनं दिलं दूध.
मामानं दिला खिळा.
कोंबडीनं दिला पत्रा.
काकानं बुजवलं भोक.
मग गोधडी भावाला.
भाऊ माझा निजला!"

"मग त्यो मोठा झाला की न्यायचं त्याला," आई म्हनली. "समद्यांच्या दारी. नाक टेकवायला."

भाऊ काय म्हनला?

खुर्रर्र. खुर्रर्र.

भोक बुजलं. गोष्ट शिवून झाली. आता गोधडी वर घ्या, पाय आत घ्या, डोळं मिटा.

एक बी आवाज नगं.