गवताचे भिजणे

“म्हणजे या गवतातही साखर आहे म्हणता?”

मुकुंदबुवांच्या ओठांवरचे नामस्मरण क्षणभर थांबले. हातातली दूर्वा त्यांनी उजेडाकडे धरली.

“ठासून भरली आहे, महाराज!” डॉ. विद्याधर खांबेटे धुनीपाशी मांडी सावरून बसले. त्यांना बुवांकडून मंत्र हवा होता, आणि तोही आजच. उद्या ते परिषदेसाठी परदेशी निघणार होते. आजवर बुवांनी दर वेळी ‘पाहू’ म्हणून त्यांची बोळवण केली होती. आपले संशोधन ऐकले, की बुवा विरघळतील, याविषयी डॉक्टरांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

“एवढी वर्षे गजाननाला वाहतो,” बुवा म्हणाले, “पण त्याने कधी सांगितले नाही.”

“सांगणार कसा? ती साखर आत कोंडलेली असते. भोवती एक चिवट द्रव्य असते. त्याच्या जोरावर पाते ताठ उभे राहते. पण ते कोणाला आत शिरू देत नाही.”

“असे ताठ... मग?”

“साखर मोकळी करणारी एन्झाइम्स मिळतात, पण फार महाग. कच्च्या गवतावर ओतली, तर त्या चिवट द्रव्यालाच चिकटून वाया जातात. म्हणून गवत आधी क्षाराच्या पाण्यात मुरवायचे, मऊ करायचे. इतर लोक त्यासाठी पाण्यासारखा पैसा ओततात. मी अगदी स्वस्तातली रीत शोधली!”

“आणि गवत मुरण्याआधीच कोणी घाईने ओतले तर?”

“शुद्ध मूर्खपणा, महाराज!”

बुवांनी कौतुकाने मान डोलावली. मग त्यांची नजर धुनीकडे वळली.

“राख चालेल?”

“राखेतही क्षार असतोच. सौम्य असतो, वेळ लागतो, पण फुकट!” डॉक्टरांना आता राहवेना. “बरे महाराज, माझ्या मंत्राचे तेवढे...”

बुवांनी धुनीच्या कडेची मूठभर गार राख उचलली आणि डॉक्टरांच्या नीट भांग पाडलेल्या मस्तकावर थापली. मग शांतपणे तांब्यातले पाणी वर ओतले.

करडे ओघळ चष्म्यावरून उतरून रेशमी सदऱ्यावर आले. मंडपातले भक्त मोठ्या निष्ठेने छताकडे पाहू लागले.

डॉक्टरांनी ओला चष्मा उतरवला.

“महाराज,” अखेर ओठांवरची राख पुसत त्यांनी विचारले, “असे किती दिवस?”

बुवा पुन्हा दूर्वा निवडू लागले होते.

“गवताने विचारले होते?”