मुंगसाची वाट

माणसांना जनावरांचं बोलणं कळायचं, तेव्हाची ही गोष्ट. भार्गवराव घरची सगळी डागडुजी स्वतःच करत. एका सकाळी ते परसातल्या उंच भिंतीचं भोक सिमेंटने बुजवता बुजवता शेजाऱ्यापुढे तावातावाने बोलत होते, “सभा यांची आणि रस्ते आमचे बंद! लोकांनी जायचं कुठून? आत टाका असल्या पुढाऱ्यांना!”

भिंतीबाहेर एक मुंगूस संतापाने त्या भोकापाशी आलं. त्याच्या पणजीच्या काळापासूनची वाट होती ती!

“भार्गवराव, मग मी जायचं कुठून?”

“गप रे! घर माझं, भिंत माझी.” त्यांनी थापी फिरवली.

आठवड्याभरात परसातल्या लाकडांच्या ढिगातून नाग निघाला. भार्गवराव स्टुलावर चढून किंचाळले, “मुंगूसराव, धावा हो! लवकर आत या!”

सिमेंटच्या पलीकडून मुंगूस ओरडलं, “कुठून येऊ?”